एकही मतदान न चुकवलेल्या माणसाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, संसदेत सहा वेळा निवडून गेलेला आणि सातव्या वेळी सपाटून पडलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत करीत आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तारीख, वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. तिन्ही बरोबर आले. तिसऱ्याला मी एक विशेषणही जोडले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याइतके जवळ आता कोणी येतही नाही.

कलम एक. माझी छापील भाषणे आणि प्रचाराचा जुना भोंगा पुतण्यास द्यावा. माझ्या आजारपणात तो तीनदा येऊन विचारून गेला, "काका, तुमच्या जागी मीच उभा राहणार ना?" उभा राहा, बाळा. बसायला तुला कोणीही सांगणार नाही. या मृत्युपत्रातून ज्या मिळकतीची वासलात लागणार नाही, तीही त्याचीच. तसे काही उरणार नाही, पण असे एक कलम लागतेच असे वकील म्हणतात.

कलम दोन. माझ्या विधेयकांचे मसुदे संसदेच्या ग्रंथालयास द्यावेत. मी चौदा विधेयके मांडली. बारा चर्चेलाच आली नाहीत. खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या तपासणीचे तेरावे मी स्वतः मागे घेतले, कारण त्याच आठवड्यात मला एका समितीचे अध्यक्षपद मिळाले. खाणीतली माणसे खोकत राहिली. समितीची खोली हवेशीर होती. चौदाव्याचा कायदा झाला. त्याविषयी पुढे.

कलम तीन. अखंड मतदानाबद्दल सभागृहाने दिलेले सन्मानचिन्ह पुढच्या खोलीच्या भिंतीवर आहे. ते तिथून काढू नये. ते मिळाले तेव्हा सलग अकराशे चाळीस मतदाने झाली होती, एकही न चुकवता. त्यातले शेवटून दुसरे कोणते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मुलीला माहीत आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी पत्नी इस्पितळात होती. त्या दुपारी बंदर शुल्काच्या विधेयकावर मतदान होते. पक्षाच्या प्रतोदाचा फोन आला, पण तो बोलवायला नव्हे. तो म्हणाला, "साहेब, आपलं बहुमत भक्कम आहे. वहिनींपाशीच थांबा." जुना विक्रम मोडायला मला दोन मतदाने कमी होती. मी कोट चढवला.

पत्नी म्हणाली, "आज नका ना जाऊ."

"अर्ध्या तासात येतो," मी म्हणालो.

मुलगी दारात आडवी उभी राहिली. "बाबा, डॉक्टर आजचाच दिवस म्हणालेत."

"मग माझं मत कोण देणार? तू?"

चार वाजून बारा मिनिटांनी मी बटण दाबले. पत्नी चार वाजून दहा मिनिटांनी गेली होती. विधेयक एकसष्ट मतांनी मंजूर झाले. मी नसतो तर साठांनी झाले असते. हा हिशेब मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवला, त्यांना या मृत्युपत्रातून फुटकी कवडीही मिळणार नाही.

त्या दिवसापासून मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली. वर्षभराने मी चौदावे विधेयक मांडले: पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईबापांना मुलांनी महिन्यातून एकदा, किमान एक तास, समक्ष भेटलेच पाहिजे, न भेटल्यास दंड आणि सरकारी नोकरीवर गंडांतर. "मुलांनी आईबापाच्या उशाशी असायलाच हवं," असे मी बोललो तेव्हा विरोधकांनीही बाके वाजवली. मुलगी सरकारी शाळेत गणित शिकवते. तेव्हा ते माझ्या ध्यानात नव्हते असे मी म्हणणार नाही.

पंचाहत्तरी उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर तक्रार दाखल केली.

न्यायालयात तिने वकील दिला नाही. न्यायाधीशांना एवढेच विचारले, "मरणाऱ्या बायकोपाशी नवऱ्यानं थांबावं, असं या कायद्यात कुठं आहे का?"

"नाही," न्यायाधीश म्हणाले.

"बरं. किती तास म्हणालात?"

गेली सहा वर्षे ती दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता येते, दाराजवळच्या खुर्चीत बसून पेपर तपासते आणि पाचला उठते. पाण्याचा घोटही घेत नाही. गेल्या वर्षी पाचला पाच कमी असताना मी न्हाणीघरात पडलो. तिने रुग्णवाहिका बोलावली, माझ्या डोक्याखाली टॉवेल घातला, घड्याळ पाहिले आणि पर्स उचलली.

"थांब ना जरा," मी म्हणालो.

"मसुदा तुमचाच आहे, बाबा. एक तास."

कलम चार. राहते घर, आतल्या सर्व सामानासह, मुलीस द्यावे. हा उदारपणा नव्हे. तिच्या आईचे कपाट मी एकोणीस वर्षे कुलपात ठेवले आहे. तिने दोनदा मागितले, दोनदा मी नाही म्हणालो. आता कपाट हवे तर घर घ्यावे लागेल आणि माझ्या छताखाली राहावे लागेल, एका तासापेक्षा जास्त.

टाइप केलेला मजकूर इथे संपतो. पुढचे माझ्या हातचे आहे.

दुसरे साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे औषधवाले येणार होते. ते आले नाहीत. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला तेव्हा मुलगी तिच्या खुर्चीत होती. तिने लाल पेनाला टोपण लावले. "मी करते सही."

वकील गडबडले. "ताई, तुम्ही नका करू. ज्याला मिळकत मिळते तोच साक्षीदार झाला, तर त्याचा वाटा रद्द होतो."

"माहीत आहे."

"घर पुतण्याकडे जाईल. आईंचं कपाटसुद्धा."

"आई कपाटात नाहीये," ती म्हणाली. "कुठं करायची?"

मी वकिलांना म्हणालो, "दाखवा तिला."

उद्या नवे मृत्युपत्र करता येईल, असे वकिलांनी मला कानात सांगितले. करता येईल. तेही पुढच्या पहिल्या शनिवारी तिच्यासमोर वाचायला लागलो, तर ती पुन्हा पेन मागेल. मी हेच कायम करतो.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे.

मृत्युपत्र करणार: (सही) माजी संसद सदस्य
साक्षीदार पहिला: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: (सही) शिक्षिका. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: या रकान्यात तिने रेघ ओढली आहे.