गेंड्याचा जबडा आणि रस्त्यालगतची जागा

मी, हरिदास सुकलू रामटेके, वय चौऱ्याहत्तर, भूगर्भशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार ब्रह्मपुरी, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या दबावाखाली नव्हे तर निव्वळ किळस आल्यामुळे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. घर, बँकेतली ठेव आणि माझी दिवंगत पत्नी सीता हिचे शिलाई मशीन मुलगी दिव्यानी व जावई श्रावण यांना मिळावे. श्रावण सिरोंच्याचा, घरी तेलुगू बोलतो. माझ्या आजारपणात माझी घाण त्याने काढली. माझा पुतण्या प्रफुल्ल याने लग्नाच्या पंगतीत त्याला सगळ्यांसमोर 'बाहेरचा' म्हटले. तो घास अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

२. नदीच्या गाळात मला सापडलेला गेंड्याचा दगड झालेला जबडा. तो माझ्या ताब्यात आहे, मालकीचा नाही, कॉलेजला द्यावा. आधी प्रफुल्लकडून पुसून घ्यावा. त्याची नाटक कंपनी आहे. यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या नाटकांच्या जत्रेत, गर्दी जमावी म्हणून त्याने मला न विचारता जबडा नेला, चमकावा म्हणून त्याला खोबरेल चोपडले, तिकीट खिडकीवर मांडला आणि वर बोर्ड लावला: 'जगातले सारे गेंडे आपल्या झाडीपट्टीतूनच गेले.' अरे मूर्खा, गेंड्यांचे पूर्वज अमेरिकेत होते, युरोपात होते, आशियात होते. समुद्र ओसरून जमीन उघडी पडली की पिढ्यान्‌पिढ्या चरत चरत एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले. चारा-पाणी मिळाले तिथे राहिले. हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "काका, बाहेरून आला म्हनलं तं लोक काऊन पाह्यतीन त्याले?"

माझ्याच ओसरीवर, श्रावणने केलेला चहा पीत तो हे बोलला. श्रावण कप उचलून आत गेला.

३. माझ्या अंत्यविधीत प्रफुल्लचे भाषण नको.

४. रस्त्यालगतची मोकळी जागा. प्रफुल्ल दरवर्षी तिथे मंडप ठोकतो आणि त्याचा तिच्यावर डोळा आहे. ती त्यालाच द्यावी, पण एका अटीवर. मी गेल्यानंतरच्या पहिल्या मंडईत नाटकाआधी त्याने स्वतः माइकवर सांगावे, "हा गेंडा बाहेरून आला. इथी राह्यला, इथलाच झाला." मग त्याच माइकवर श्रावणला जवाईबापू म्हणून हाक मारून पहिल्या रांगेत बसवावे. नाही जमले, तर जागा श्रावणची.

जागेसाठी प्रफुल्ल वाटेल ते बोलेल, हे मी जाणतो. माझी किळस त्याने कमी होणार नाही. पण श्रावणच्या कानावर ते एकदा तरी पडेल.

वरील मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला. एक शब्दही मागे घेत नाही.

(सही) हरिदास सुकलू रामटेके

साक्षीदार:
अन्नपूर्णा बोरकर, शेजारीण (सही)
डॉ. अश्वजित खोब्रागडे (सही)

स्थळ: ब्रह्मपुरी
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४