इथे कुणी खोकत नाही

१ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! टेम्पो दादानेच चालवत आणला. वाटभर माझ्या कानीकपाळी ओरडत होता, की नवी नोकरी आहे, मोठ्या डॉक्टरांसमोर तोंडाला जरा आवर घाल. मी हो हो म्हटलं. आजवर कधी जमलंय?

घर कारखान्याने दिलेलं, दोन खोल्यांचं. बबडीचे बाबा गेल्यापासून आम्ही मायलेकी एका खोलीत दिवस काढत होतो, त्यापुढे हा राजवाडाच. बबडी रिकाम्या खोलीत गोल गोल धावली, पडली, रडली, पुन्हा धावली. सहा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? हवेला मात्र करपलेल्या तव्याचा वास आहे. खिडकीवरून फडकं फिरवलं तर फडकं काळंकुट्ट. सामान उतरवताना दादा खोकून खोकून बेजार झाला, मग बबडीही खोकायला लागली. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून दोघांकडे बघत होत्या. सवय होईल, असं हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

४ नोव्हेंबर

दवाखाना झकास आहे. काम माझं जुनंच. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छातीभर श्वास घ्यायला लावायचा आणि मग ओरडायचं, फुंका, फुंका, अजून, अजून! किती हवा बाहेर आली ते यंत्र सांगतं. आधीच्या दवाखान्यात मला फुंकाबाई म्हणायचे. इथे मी पहिल्यांदा ओरडले तर रांगच्या रांग दचकली. इथली माणसं मोठ्याने बोलतच नाहीत. दोन-तीन शब्द, तेही पुटपुटल्यासारखे. माझ्यासारखी बडबडी बाई म्हणजे यांना शिक्षाच.

आकडे मात्र मी दोनदा तपासले. ऐन तिशीतल्या गड्यांची छाती म्हाताऱ्यांसारखी. तरी शेरा सगळ्यांना एकच, पास. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तर रागावले नाहीत, उलट मायेने समजावलं. बाहेरचं माप लावलं तर गावात एकही जण पास व्हायचा नाही, मग भट्ट्या कोण चालवणार? म्हणून इथलं माप इथल्याच माणसांवरून ठरवतात, दर वर्षी नव्याने. माणसं खाली आली की मापही खाली येतं. कुणी नापास होत नाही, कुणाचं मन मोडत नाही.

मला काही हे पटलं नाही. पण नोकरी पहिल्याच आठवड्यात घालवायची का, असा विचार केला आणि तोंडाला आवर घातला. दादा खूश होईल.

९ नोव्हेंबर

आज बबडीला सोबत नेलं. मुलांसाठी यंत्राच्या पडद्यावर मेणबत्त्या दिसतात, नळीतून फुंकलं की विझतात. पठ्ठीने एका दमात सगळ्या विझवल्या, टाळ्या पिटल्या आणि मग खोकली. रांगेतली माणसं एकदम वळून बघायला लागली. लेकरू अजून खोकतं, अशी कुजबुज झाली. एका बाईने तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरकं मूल असल्यासारखा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गावात कुणी खोकत नाही. एवढा धूर, आणि बाजारात, शाळेत, रांगेत, कुठेच नाही.

१५ नोव्हेंबर

आज एक क्रेनवाला आला होता. हसरा, इथल्या मानाने बोलका. गाल फुगवून फुंकला. आकडा शून्य. नळी बदलली, तरी शून्य. यंत्र बिघडलं म्हणून मी स्वतः फुंकून पाहिलं, तर माझा आकडा ठणठणीत. पुन्हा त्याला फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

मग मी त्याच्या छातीकडे पाहिलं. शर्टाचं बटण जिथल्या तिथे होतं. वर नाही, खाली नाही. तो म्हणाला, की घाबरू नका बाई, माझा बंद होऊन वर्ष होत आलं, उलट आता जिने चढताना दम लागत नाही. डॉक्टरांनी पास लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

घरी येऊन खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. सामान बांधावं असं वाटत होतं. पण जाणार कुठे? जुनी खोली सोडली, जुनी नोकरी सोडली. दादाला सांगितलं तर हसेल. महिनाभर बघू, असं ठरवलं.

२३ नोव्हेंबर

बबडीचा खोकला थांबला! जीव भांड्यात पडला. आठवडाभर पोरीने नाकी नऊ आणले होते. काकू खाऊ घेऊन आल्या. शाळेतल्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. सगळे म्हणतात, की आता ही आपली झाली.

बबडी पूर्वीसारखी धावत नाही. खिडकीत शहाण्यासारखी बसते. मलाही हल्ली करपलेला वास येत नाही. बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

दुपारी बबडी झोपली होती. सहज बघत होते. तिचं पांघरूण हलत नव्हतं.

हाताने पाहिलं. छातीत धडधड होती. पण वर-खाली काही नाही. नाकापुढे आरसा धरला. आरसा स्वच्छ. मी किंचाळले. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, आई, दूध.

दूध दिलं. प्यायली. मी तशीच उभी.

२७ नोव्हेंबर

दवाखान्यात तिला नळी दिली. मेणबत्त्या जळतच राहिल्या. बबडीलाही त्याचं काही वाटलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिचा गालगुच्चा घेतला. मग मला फुंकायला सांगितलं.

माझा आकडा निम्म्यावर आलाय. छान चाललंय, असं म्हणाले.

ओरडायला हवं होतं मी. तिथे, सगळ्यांसमोर. भीती होती, पण शेजारच्या घरात असावी तशी. मी पुढच्या माणसाच्या नाकाला चिमटा लावला.

३० नोव्हेंबर

दादाला फोन केला. फार बोलता येईना. म्हटलं, बबडी श्वास घेत नाही. तो ओरडला, डॉक्टरकडे ने. म्हटलं, नेलं. पास झाली.

पलीकडे टेम्पोच्या किल्ल्या वाजल्या. मग म्हणाला, निघतोच.

१ डिसेंबर

दादा आला. त्याचा श्वास केवढा मोठा वाजतो! घरभर. काकू कानावर हात ठेवून निघून गेल्या.

त्याने बबडीच्या छातीला कान लावला. मग गुडघ्यांवर बसून रडला, मोठ्याने, खोकत खोकत. बबडी त्याच्याकडे बघत होती. मीही. नंतर त्याने तिला कडेवर उचललं, माझा हात ओढला. मी हात सोडवून घेतला. भाजी टाकली होती. आधी हिला बाहेर काढतो, मग तुला न्यायला येतो, असं म्हणाला आणि गेला.

माझी लेक गेली, आणि मी भाजी ढवळली.

२ डिसेंबर

सकाळी फोन — डोंगराच्या पलीकडे पोचलेत. बबडी खोकली, असं म्हणाला. खोकली, काळं काळं पडलं, मग श्वास घेतला. मग रडली. आई हवी म्हणून हंबरडा फोडते आहे — त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला. ऐकलं मी. आई, आई — मध्ये खोकला —

डोळे कोरडे. तिला परत आणावं, एवढंच वाटलं. इथे ती शांत होती. इथे रडत नव्हती —

मग कळलं मी काय विचार करते आहे.

छातीवर बुक्के मारले. पुन्हा पुन्हा. एकच श्वास आला. फाटत आला. आणि त्याच्याबरोबर सगळं आलं — माझी पोर, माझी बबडी, तिचे थंड ओठ आणि मी दूध पाजत होते — देवा —

हा श्वास आहे तोवर लिहिते. आत्ता फोनवर आवाज फुटत नाही. या पानाचा फोटो पाठवते, दादा.

मला न्यायला येऊ नकोस. तूही पास होशील.

मी उद्या फोन करीन. बबडीला परत दे म्हणेन. नीट, समजुतीने. कारणंही सांगेन. देऊ नकोस. रडत मागितली तर एक वेळ ऐक माझं. पण शांतपणे मागितली, तर ती मी —

कमी होतंय. बुक्के मारले, येत नाही —

दादा, तिला खोकू दे. तिला रडू दे. तिला सांग, आई

फोटो नको पाठवायला. उगाच काळजी करेल. उद्या फोन करून बबडीला