तोंडी सांग

३ नोव्हेंबर, सोमवार
आज कामावर रुजू झाले. माणगावहून एसटीनं पनवेल, पुढे रिक्षा. सहाव्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट, मला वेगळी खोली, खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. नर्सिंगचा निकाल लागून चार महिने झाले, हे माझं पहिलं काम. पेशंट सुनंदा मॅडम, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवलंय त्यांनी. आता स्वतःच हृदयासाठी डिगॉक्सिन आणि मनाच्या आजारासाठी लिथियम घेतात. मुलगा विश्वजीत उद्या पंधरा दिवसांसाठी बंगळुरूला निघालेत. दाराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, आई कडक आहे, पण तुला शिकायला खूप मिळेल. आईला फोन करून सगळं सांगितलं. खूश झाली.

५ नोव्हेंबर
गोळ्या घेण्याआधी मॅडम माझी तोंडी परीक्षा घेतात. डिगॉक्सिनआधी काय करायचं? पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजायचे, साठच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बरोबर. लिथियमवरच्या माणसाचं मीठ का तोडायचं नाही? इथे मी अडखळले. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि ते अंगात विषासारखं साचतं, असं त्यांनीच सांगितलं. स्वयंपाकाच्या गोदूबाई उरणकडच्या, मिठागरात वाढलेल्या. त्या हसून म्हणाल्या, "मिठाबिगर मानूस जगत नाय, यवढं आमाला बी ठावं हाय." मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडेच बघत राहिल्या.

८ नोव्हेंबर
आज दोन उत्तरं चुकली. मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, की माझ्यासारख्याच त्यांच्या एका विद्यार्थिनीनं ठोके न मोजता डिगॉक्सिन दिलं आणि पेशंट गेला. चौकशीत ठपका मॅडमवर आला. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते त्या मुलीला. "पुस्तकातलं टिकत नाही, दिपिका. अंगावर बेतलं की टिकतं." रोज सकाळी त्या मला स्वतः केलेला काढा देतात. जहर कडू. पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहतात.

१० नोव्हेंबर
गोदूबाईंना कामावरून काढलं. कारण सांगितलं नाही. लिफ्टपाशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, तुज्या आधीची नर्स स्नेहल पन हाच काढा प्यायची, मंग भिंतीला धरून चालाया लागली. ती कुठे गेली विचारलं, तर म्हणाल्या, कोनाला ठावं नाय.

११ नोव्हेंबर
अन्नाचा वास नको वाटतो. दोनदा उलटी झाली. मॅडमनी विचारलं, भिंत कोणत्या रंगाची दिसते. पांढरी, म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

१३ नोव्हेंबर
भिंत पिवळी आहे. दिव्याभोवती हिरवट कडं. ठोके बावन्न. डिगॉक्सिनची विषबाधा, पुस्तकात हेच तर लिहिलंय.
डबीतल्या डिगॉक्सिनच्या गोळ्या हव्यात त्याहून कितीतरी कमी. मॅडम अंघोळीला गेल्यावर त्यांची वही उघडली. एका पानावर माझं नाव, त्याआधीच्या पानावर स्नेहलचं. खाली तिच्या ठोक्यांचे रोजचे आकडे. चौपन्न, अठ्ठेचाळीस, एकेचाळीस, चौतीस. मग आडवी रेघ.
मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलंही नाही. "आता जन्मात विसरणार नाहीस."
बॅग भरली. दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलेली माझी किल्ली नाही. दाराला आतून कुलूप. मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट विमानतळ होणार म्हणून नुसते घेऊन ठेवलेले, बंद. कोणाला हाक मारणार? विश्वजीतना फोन केला. ते हसले. आई घाबरवतेच, म्हणाले, स्नेहलसुद्धा अशीच न सांगता पळाली होती, तू तरी असं करू नकोस.

१४ नोव्हेंबर
मॅडमचा फोन वाजला तेवढ्यात काढा मोरीत ओतला. दिवसभर फक्त माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.
संध्याकाळी जबडा आवळायला लागला. मान डावीकडे वळली, सरळ होईना. डोळे वर जातायत. हे डिगॉक्सिन नाही. हॅलोपेरिडॉल, मॅडमना कधी फारच अस्वस्थ वाटलं तर द्यायचे थेंब. बाटलीत—

१५ नोव्हेंबर
११२ लावला. बाई म्हणत होत्या, बोला, पत्ता सांगा. जीभ जाड. घशातून नुसता आवाज. मॅडमनी फोन काढून घेतला. सांगितलं, घरातली मुलगी मनोरुग्ण आहे, माफ करा. किती गोड आवाजात—
मग विश्वजीतना फोन. दिपिका काल निघून गेली. दुसरी बघ.
मी इथे जमिनीवर. त्यांच्यापासून दोन हातांवर.

दुपार
ठोके बेचाळीस. सगळं पिवळं.
टेबलावर प्रोमेथाझिनचं इंजेक्शन. जबडा सुटेल त्यानं. भरून ठेवलंय. शेजारी खुर्चीत त्या.
विचारतात, कोणतं औषध, कशात द्यायचं, मग काय बघायचं.
सगळं माहीत आहे. सगळं—
लिहून दाखवलं. वही बाजूला केली त्यांनी. तोंडी सांग.

अडतीस. घड्याळ माझ्याकडे वळवलंय. एक मिनिट देतात.
तोंड उघडतंय थोडं— शब्द—
प्रो— प्र—
परत म्हण म्हणतात, नीट, सुई हातात घेतलीय पण