माझी आई पुंडलिकनगरला राहते

माय, उद्या सकाळी पुण्यात माझी जर्मनची तोंडी परीक्षा आहे. आज दुपारी चारची एसटी आहे. लेखी सुटली, तोंडी गेल्या वेळी गेली. यावेळीही गेली तर जर्मनीतल्या दवाखान्यातली नर्सची जागा दुसरीला देणार, असं एजंटनं तोंडावर सांगितलंय. म्हणून तुझ्याशी बोलतेय, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर क्लास आहे. सर माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ओठ शिट्टीसारखे करा आणि ई म्हणा." आम्ही बाया ओढणी तोंडाला लावून खिदळायला लागलो. 'मी' म्हणायचं तर शेवटी मांजर फिसकारल्यागत आवाज काढायचा. लिहिण्याची आणखीच तऱ्हा. वस्तूचं नाव आलं की पहिलं अक्षर मोठं. खुर्ची मोठी, बादली मोठी, चमचासुद्धा मोठा, आणि 'मी' मात्र लहान. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बादलीला मान अन् माणसाला नाय? कुठला गं देश ह्यो?" लिहिताना मी चुकत नाही. घोडं अडतं ते तोंड उघडताना.

आपल्या पुंडलिकनगरच्या गल्लीतल्या बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना तू सांगायचीस. तुला अक्षरओळख नव्हती, पालीचा अर्थ ठाऊक नव्हता, सगळं ऐकून पाठ. एकदा मला पुढं बसवलंस. मी सांगतेय, मागं सगळी गल्ली म्हणतेय, आणि मी मधेच अडखळून गप्प. मागचेही गप्प. सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "चुकलं तर चुकू दे, पण थांबू नको. पुढचंच थांबलं तर मागच्यांनी काय म्हणायचं?" लई राग आला होता मला तुझा. घरी येऊन जेवलेही नाही, आणि तू समजूतसुद्धा काढली नाहीस.

मागच्या आठवड्यात सरांनी वर्गापुढं उभं केलं, स्वतःची ओळख करून द्या म्हणाले. भीतीनं जीव मुठीत, आणि तोंडातून जर्मन निघालं ते थेट वंदनेच्या चालीत! डोळे मिटलेले, हात जोडलेले, प्रत्येक ओळीचा शेवट लांबवलेला. वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, चाल सोडा. पण हा आवाज सोडू नका."

आवाजाचं होईल काहीतरी. भीती एका वाक्याची आहे. स्वतःची ओळख सांगायच्या नमुन्यात येतं, माझी आई अमुक ठिकाणी राहते. मी त्यात पुंडलिकनगर घालून ते केव्हाच पाठ केलंय. गेल्या परीक्षेत तिथवर नीट आले. परीक्षक बाई हसून बघत होत्या, आणि मला पुढं शब्दच फुटेना. सर म्हणतात, "अडतंय तर गाळा ना ते वाक्य." नवराही तेच म्हणतो. बरोबर आहे त्यांचं. तरी सकाळपासून पोळ्या लाटताना, बॅग भरताना मी तेच घोकतेय.

तू नाहीस हे सरांना मी सांगितलेलंच नाही. हा कागद पर्समध्ये राहील, टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर. उद्या चुकले तरी थांबणार नाही. आणि खरं सांगू, माय? नोकरी तर हवीच आहे, पण त्या अनोळखी बाईसमोर मला एकदा मोठ्यानं म्हणायचंय की माझी आई पुंडलिकनगरला राहते.