मेहुणा विहिरीत डोकावला, मग?

प्रिय पैलतीरकर यांस,

ऐलतीरकराचा एक लांब भोंगा आणि दोन आखूड. म्हणजे नमस्कार, तुझी तब्येत कशी आहे, आणि इंजिनाच्या बाजूचा तुझा कान अजून बंदच आहे की उघडला? वहिनींच्या गुडघ्यांना आराम पडला असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे, भूक व्यवस्थित लागते आणि समुद्र मला अजिबात लागत नाही (उभा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला तो काय लागणार?). फोन करायचा सोडून पत्राचा घाट कशाला घातला, असं वहिनी विचारतील. त्यांना सांग, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडल्याशिवाय तुझ्याशी बोलता येत नाही, आणि इथे ओरडण्याबद्दल मला एकदा समज मिळालेली आहे. बाकी पत्र लिहिण्यास तसं काही कारण नाही. सहज.

तर मी सहलीच्या जहाजावर आहे. हसू नकोस. लेकीने आणि जावयाने मला न विचारता हे ठरवून टाकलं. ही गेल्यापासून मी दिवसभर आपल्या बंद पडलेल्या धक्क्यावर जाऊन बसतो, ते लेकीला बघवत नव्हतं. बाबा, तुम्हाला पाणीच बघायचंय ना, मग जरा भरपूर बघून या, असं म्हणून तिने माझी बॅग भरली. हे जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने जातं, रोज सकाळी नव्या बंदराला लागतं, माणसं उतरून गाव बघतात, संध्याकाळी परत चढतात आणि जेवायला बसतात. आख्खी बाजारपेठ उचलून पाण्यावर ठेवली आहे असं समज. दुकानं आहेत, न्हावी आहे, पोहायला तलाव आहे (चहूकडे समुद्र असताना आत तलाव कशाला, हे मी विचारून पाहिलं, विचारल्यावर लोक हसतात, सांगत कोणी नाही). माझ्या खोलीत दोन पलंग आहेत. खोली आवरणारा माणूस रोज दोन्ही पलंगांवर स्वच्छ टॉवेल ठेवतो आणि दुसरा पलंग तसाच्या तसा बघून गोंधळतो. ‘बाई येणार आहेत का पुढच्या बंदरातून?’ असं त्याने एकदा विचारलंसुद्धा. नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हापासून मी सकाळी उठलो की त्या पलंगावरची चादर जराशी विस्कटून ठेवतो. आता तो काही विचारत नाही.

पहिल्याच दिवशी कप्तानाची भेट घ्यायला गेलो. शेवटी एका धंद्यातली माणसं, गावात आल्यावर भेटून यायला नको का? दारावर एक कडक इस्त्रीचा अधिकारी उभा होता. मी म्हटलं, मीही सुकाणू धरलेला माणूस आहे. त्याने अदबीने विचारलं, कुठे जायची आपली बोट? मी म्हटलं, पलीकडे. मग तिथून? तिथून परत अलीकडे. माझा हात धरून त्याने मला लिफ्टपर्यंत पोचवलं आणि बटणसुद्धा स्वतःच दाबलं. त्या शहाण्याला काय ठाऊक, की भर पावसात, समोरचं काही दिसत नसताना, आपण दोघं एकमेकांच्या लाँचचा आवाज ऐकून बाजूला व्हायचो आणि कधी एक ओरखडासुद्धा उठला नाही. पण मोठ्या जहाजावर लहान तोंड करून राहावं लागतं.

जेवायला माझ्यासमोर दातांचे एक डॉक्टर असतात. (त्यांच्या सौभाग्यवती पत्त्यांच्या टेबलावर रमलेल्या आहेत, त्या फक्त हरल्या की इकडे येतात.) माणूस भला आहे, पण मी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता दाढांकडे बघतो. त्यांनी चौकशी केली, गावात मित्र वगैरे आहेत का. म्हटलं, आहे ना, एक आहे. काय करतात ते? म्हटलं, समोरून येतात. इथून जी पंचाईत सुरू झाली ती भात गार होईपर्यंत संपली नाही. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं: खाडीला लाँच दोन, मी या तीरावरून निघायचो तेव्हाच तू त्या तीरावरून निघायचास, मध्यावर गाठ पडायची आणि तेवढ्या वेळात एकाने एक वाक्य ओरडायचं. उत्तर पुढच्या फेरीला. त्यावर काय म्हणायचं ते त्याच्या पुढच्या फेरीला. लेकीचं लग्न ठरल्याचं तुला सांगायला मला सकाळपासून दुपार झाली होती, कारण जावई काय करतो, घरी कोण कोण, हे सगळं हप्त्याहप्त्याने यायचं. डॉक्टर म्हणाले, ‘वा! आणि आता निवृत्त झाल्यावर रोज निवांत भेटत असाल!’

मग मला शपथेचं सांगावं लागलं. पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी मध्यावर ओरडलो, की आपली लाँच खाणाऱ्या या पुलावर मी पाय ठेवणार नाही. पुढच्या फेरीला तू ओरडलास, मीपण नाही. त्याच्या पुढच्या फेरीला मी, मेलो तरी नाही. उतारूंनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर तेच उतारू पुलावरून घरी गेले. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, ‘म्हणजे लाँच बंद झाली, आणि पुलावरून जायचं नाही. मग तुम्ही भेटणार कसे?’ आता मला सांग, जो प्रश्न या माणसाला नुसत्या ऐकण्यावरून सुचला, तो आपल्याला शपथ घेताना का सुचला नाही? खाडीच्या वरच्या अंगाने वळसा घालायचा तर दोन बस बदलून दिवस जातो आणि माझी कंबर जाते. तुझे गुडघे वहिनींच्या वरताण. शपथ पाळली खरी, पण पुलाचं त्यात काही बिघडलं नाही, आपलंच बिघडलं.

असो. डॉक्टरांचा आणि माझा आणखी एक प्रकार झाला. इथे सकाळी लोक डेकवर फेऱ्या मारतात. डॉक्टर उजव्या अंगाने फिरतात, मी डाव्या. म्हणजे प्रत्येक फेरीत गाठ पडणार! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पहिल्या गाठीला मी विचारलं, झोप लागली का? दुसऱ्या गाठीला ते म्हणाले, लागली. तिसऱ्या गाठीला मी म्हटलं, आमच्याकडे एक गृहस्थ होते, त्यांना झोपच यायची नाही. ते थबकले आणि ‘मग?’ म्हणाले, पण मी कसा थांबणार? पुढे निघून गेलो. चौथ्या गाठीला त्यांनी कहर केला. सरळ उलटे वळले आणि माझ्या बरोबरीने चालायला लागले. म्हणाले, हं, बोला आता. बरोबरीने चालणाऱ्या माणसाशी काय बोलायचं असतं रे? एकामागून एक सगळी वाक्यं? मध्ये खाडी नाही, दोर बांधायचा नाही, माणसं उतरवायची नाहीत, मग पुढचं वाक्य सुचायचं कधी? एक अख्खी फेरी मी तोंडात मूग धरून चाललो. तेव्हापासून ते मला बघून लांबून हात करतात. मी तुसडा आहे असा त्यांचा समज झालेला आहे. (घरीही माझं असंच होतं. स्वयंपाकघरात जाऊन एक वाक्य टाकायचं आणि बाहेर यायचं, उत्तर पुढच्या खेपेला. हिला सवय झाली होती. आता मी वाक्य टाकून बाहेर येतो आणि पुढच्या खेपेला आत काहीच नसतं. फार जड जातं.)

बंदराच्या गावांबद्दल लिहायला हवं, नाहीतर लेक म्हणेल काही पाहिलं नाही. छत्री उंच धरलेली एक बाई आम्हाला किल्ले, दीपस्तंभ आणि जुने वाडे दाखवायला नेते. मी पहिल्या वळणावर गळतो. गाव कुठलंही असो, उताराची गल्ली धरली की खाली दोरखंडांची, रंगांच्या डब्यांची दुकानं लागतात, डिझेलचा वास येतो आणि धक्का येतो. धक्क्याची शेवटची पायरी सगळीकडे सारखीच निसरडी. तिथे कुठली तरी लाँच पलीकडे जात असतेच. मी तिच्यात बसतो, पलीकडे जातो आणि त्याच लाँचने परत येतो. सात समुद्र दाखवायला निघालेल्या जहाजावरून मी आजवर पाहिलं काय, तर सगळ्या बंदरांची फक्त समोरची बाजू.

परवाच्या बंदरात मात्र भलतंच झालं. लाँच मध्यावर आली, समोरून दुसरी आली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहून आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, ‘जेवलास का?’ शेजारच्या बाईच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. पण समोरच्या सुकाणूवाल्याने हात वर केला आणि ओरडला, ‘जेवलो!’ संपलं असतं. मी उतरायलाच हवं होतं, जहाज सुटायची वेळ होत आली होती. पण त्याने पुढच्या फेरीला आणखी काही विचारलं तर? म्हणून बसून राहिलो. पुढच्या फेरीला तो खरंच ओरडला, ‘तुम्ही?’ आता उत्तर न देता कसं जाणार? म्हणून त्याच्या पुढची फेरी. ‘नाही अजून!’ असं मी ओरडत होतो तेवढ्यात आमच्या जहाजाचा भोंगा झाला. सुकाणूवाल्याने भल्या मनाने सगळ्या उतारूंसकट लाँच जहाजाच्या पोटाला नेऊन लावली. वरून शिडी सोडली, वरच्या कठड्याला हजारभर माणसं रेलून टाळ्या वाजवत होती, आणि इस्त्रीवाल्या अधिकाऱ्याने मला धरून आत ओढलं. समज मिळाली ती तेव्हा. मी ऐकून घेतली, पण कान लाँचकडे होते. त्या दोन लाँच पुन्हा मध्यावर भेटल्या, त्यांचं काहीतरी ओरडणं झालं आणि दोघं आपापल्या वाटेला लागले. त्यांचं त्यांचं चाललं होतं. मी कोण त्यांचा? त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

ही गेली त्या दिवशी तू तुझ्या धक्क्यावर येऊन उभा होतास. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही म्हणतात, पण मी टोपीवरून आणि एका पायावर भार टाकून उभं राहण्यावरून ओळखलं. हिला पोचवायला आमच्या खाडीकाठी जमलेली माणसं पांगली तरी तू तिथेच होतास. हे तुला कधी सांगायला मिळालं नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

बाकी सर्व क्षेम. सहल छान चालली आहे, कसलीही उणीव नाही, आणि हे सगळं सोडून घरी परत यावं असं अजिबात वाटत नाही. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
ऐलतीरकर

ता. क. समुद्र लागतो. चांगलाच लागतो. डॉक्टरांच्या सौभाग्यवती मला आल्याचे तुकडे आणून देतात. हे लेकीला आणि आपल्या धंद्यातल्या कोणालाही कळता कामा नये.

आणखी एक ता. क. जहाज सुटतं ते बंदर तुझ्या तीराकडे आहे. म्हणजे जावयाच्या गाडीतून मी पुलावरून आलो. शपथ मोडलेली नाही: दोन्ही पाय सीटवर घेऊन मी मांडी घालून बसलो होतो (जावयाने आरशातून पाहिलं, पण मुलगा गुणी आहे, बोलला नाही). डोळे मिटून जायचं ठरवलं होतं, पण मध्यावर उघडले. आपण भेटायचो ती जागा वरून पाहिली. नुसतं पाणी होतं. आणि खरं सांगू का, पूल वाईट नाही रे. चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट आहे आणि बरोब्बर मध्यावर बसायला एक बाक आहे.

शेवटचा ता. क. पुलाच्या दिवशी सकाळपासून तू तुझ्या मेहुण्याची गोष्ट सांगत होतास. विहिरीतून कोणीतरी त्याला लाडाच्या नावाने हाका मारतंय, आणि घरात तर ते नाव कोणालाच ठाऊक नाही. शेवटच्या गाठीला तू ओरडलास, ‘मग त्याने विहिरीत डोकावून पाहिलं...’ आणि लाँच पुढे गेल्या. पुढची फेरी झालीच नाही, पाहुणे फीत कापायला आले. मी ती गोष्ट हिला सांगितली होती. ही आजारात अंथरुणावरून विचारायची, काय होतं हो विहिरीत? एकदा मी मनाने काहीतरी रचून सांगितलं. ती म्हणाली, हे तुमचं आहे, भाऊजींचं नाही, आणि भिंतीकडे तोंड करून हसली. तिला कळलं नाही ते नाहीच. जहाज रविवारी परतेल. सोमवारी उन्हं उतरली की मी माझ्या बाजूने चालत निघतो, तू तुझ्या बाजूने नीघ. गुडघे दुखले तर कठडा धर, पण ये. मध्यावर आलास की सवयीने पुढे निघून जाऊ नकोस, मीही जाणार नाही. बाकावर शेजारी बसून काय बोलायचं ते मला सुचणार नाही, तेव्हा सुरुवात तूच कर. आणि काहीही झालं तरी गोष्ट पत्रात लिहून पाठवू नकोस.