फ्लॅटातला रंगपट

कट्टा, बाजारपेठ, दुसरा मजला
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप भाईस,

धाकट्या बहिणीचा, सत्यवतीचा वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? मंडळाच्या पेटाऱ्याला यंदा पॉलिश केलंत असं कानावर आलं, बरं केलंत. आमच्याकडे सगळं क्षेम आहे (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं). फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर अडचणीचा विषय निघाला की तुमच्या वालावलीतली रेंज जाते, हा माझा या महिन्यातला तीन वेळचा अनुभव आहे. पत्राला रेंज लागत नाही.

पत्राचा विषय ड्रेसिंग, दुसरा कुठलाही नाही. तुम्ही दशावतारी मंडळाचे मालक, आणि तुमचे मेव्हणे, म्हणजे आमचे हे, त्याच मंडळात एकतीस वर्षं द्रौपदी, तारा, मंदोदरी होऊन उभे राहिले. दसऱ्याला तुमचा मानाचा नारळ आला की समजायचं, यंदाचा हंगाम ठरला. तो नारळ या दसऱ्याला आला नाही, आणि मंडळाच्या बोर्डावर द्रौपदी म्हणून त्या नव्या पोराचा, ओमकारचा फोटो छापून आला. यातलं एक अक्षरही मी या पत्रात काढणार नाही. मी तशी बाई नव्हे.

तर ड्रेसिंग. आमच्या गौरजेने पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवले, लहान फ्लॅटात ड्रेसिंगची जागा कशी काढावी याचे. तिचं म्हणणं, आई, जन्मभर डब्याच्या झाकणात बघून कपाळाला पिंजर लावलीस, आता तरी स्वतःसाठी एक आरसा कर. खोटं नाही ते. लग्नात मला मिळालेला आरसा एकतीस वर्षं तुमच्या पेटाऱ्यातून गावोगावच्या जत्रा फिरला. माझ्यापेक्षा त्यानेच जग जास्त पाहिलं. म्हणून मीही हौसेने झोपायच्या खोलीतला दारामागचा कोपरा काढला. साडेतीन फूट रुंद. तिथे इस्त्रीचं टेबल, गव्हाचा डबा आणि मोडका पंखा नांदत होते, त्यांना गॅलरीत पाठवलं आणि बाबली सुताराला बोलावलं. मी सांगितलं, उभा आरसा, वर ट्यूब, खाली दोन खण. तासाभराचं काम, असं बाबली म्हणाला. आणि नेमके तेव्हाच तुमचे मेव्हणे आंघोळ करून बाहेर आले.

भाई, तुम्हाला माहीत आहे, हा माणूस घरात काही बोलत नाही. मीठ कमी असलं तरी पानावरून उठेपर्यंत गप्प. पण आरसा म्हटल्याबरोबर यांच्या अंगात जे काही आलं ते मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी आरसा खाली घ्यायला लावला, कारण रंग बसून लावायचा असतो, उभ्याने लावतात ती माणसं लग्नाला जाणारी. मग ट्यूब गेली. "वरसून उजेड इलो तर डोळ्यांखाली सावळी पडता गो, द्रौपदी म्हातारी दिसता!" असं मला सुनावलं, जणू मी रोज वस्त्रहरणाला बसते. बाबली बिचारा हातात करवत धरून एकदा यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "वैनीनू, सांगणारो एक ठरवा आणि माका हाक मारा," आणि खाली चहाला गेला. तो चहा दोन दिवस चालला.

त्या दोन दिवसांत फर्निचरही यांनीच ठरवलं. दशावताराला एक बाकडा आणि एक पडदा पुरतो. तोच बाकडा सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग, मग तुझ्या कोपऱ्याला खण कशाला? तेव्हा आता खण नाहीत. बाकडा आहे. गणपतीच्या सजावटीचा लाल पडदा आहे. बल्ब जमिनीपासून दीड फुटावर आहे. आणि आरसा असा लावलाय की मी समोर उभी राहिले तर मला माझ्या निऱ्या आणि दोन पावलं तेवढी दिसतात. चेहरा बघायचा तर चटईवर मांडी घालून बसायचं, आणि माझी मांडी एकदा घातली की सोडवायला शेजारच्या किशोरीला हाक मारावी लागते. पिंजर मी अजून डब्याच्या झाकणातच लावते. (झाकण मात्र नवीन घेतलंय.)

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण त्या कोपऱ्यात माझा नंबरच लागत नाही. संध्याकाळी दिवा लावला की हे पडदा ओढून आत बसतात. भाई, तुमच्या रंगपटात आम्हा बायकांनी कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे हे मी पहिल्यांदाच बघितलं. आधी सफेदा, मग भुवया, मग काजळ, दातांत धरून गंगावन. पाऊण तासापूर्वी आत गेलेला टकला माणूस बाहेर येतो तेव्हा माझ्याहून बरी बाई झालेला असतो. नऊवारीच्या निऱ्या बघून तर मला माझीच लाज वाटली. मग ही बाई बाकड्यावर बसते. कुठे जायचं नसतं. पहिल्या दिवशी मी आपलं विचारलं, खंय जावचा आसा? तर आरशाकडे बघतच म्हणाले, "खंय नाय गो. हात रंग लावूक इसारतत, म्हणान बसतंय." आठ वाजले की खोबरेल लावून सगळं पुसतात, पेज जेवतात आणि झोपतात. रोज. आज अकरा दिवस झाले. काल मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला कारण असावं.

असो. विषय ड्रेसिंगचा होता, तो संपला. वहिनींना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक द्या.

तुमची
सत्यवती

ता. क. आता लिहायला घेतलंच आहे तर लिहिते. मला माझा आरसा मोकळा करून हवा आहे, आणि तो तुमच्याच हातात आहे. द्रौपदी ओमकारला दिलीत, दिलीत. पोरगा गोड आहे, पण परवा हुमरमळ्याच्या जत्रेत त्याचा पदर दोनदा घसरला, मी पाहिलं. यांना कुंती द्या. कुंतीला बसूनच बोलायचं असतं, यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. हंगामात चार जत्रा दिल्यात तरी चालतील. मी लिहिलं हे यांना कळता कामा नये.

ता. क. २. यांना कळलं. पत्र बाकड्यावर ठेवून मी दूध बघायला गेले होते. परत आले तर पडदा ओढलेला. मग पडद्याआडून आवाज आला, "कुंती? माका कुंती?" मग काजळाची डबी उघडली. आता म्हणतात, कुंतीक पण काजळ लागता, ता मी लावतंय तसाच लावतलंय, आणि ओमकाराक एकदा हयसर पाठवा, पदर खंय टाचूचो ता दाखवतंय.

ता. क. ३. नारळ शेंडीचा पाठवा, सोललेला नको. आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पाठवा. तेव्हा बिल्डिंगीतली सगळी माणसं जिन्यात बसलेली असतात, आणि दसऱ्यापासून हे त्यांना सांगतायत की नारळ वाटेत आहे.