पाडव्याला मिळालेली गाडी

२७ ऑक्टोबर, सोमवार
माफ कर, वही. फार उशिरा लिहितोय. वेळ नव्हता असं नाही. तुझ्यात खरं लिहावं लागतं, म्हणून टाळलं.
पाडव्याला सुनेची, सुनंदाची, विजेची दुचाकी गाडी आली. लोणावळ्याच्या दवाखान्यात तिची आठची ड्युटी. कार्ल्याहून रोज भरलेल्या रिक्षात कोंबून जायची. तिला मोठी पांढरी हवी होती. लायसन आहे, लग्नाआधी तळेगावात चालवायची. पण मोठी वस्तू घरातल्या थोरल्याने पसंत करायची, म्हणून पाडव्याआधी तळेगावच्या दुकानात मी गेलो. एकटा. पांढरी समोरच उभी. दुकानदार म्हणाला, "काका, पाडव्याला सकाळी या, घेऊन जा." शेजारी एक बुटकी. लायसन लागत नाही, पंचवीसच्या पुढं पळत नाही. मला हायवेवर सुसाट येणाऱ्या रविवारच्या मुंबईच्या मोटारी दिसायला लागल्या, आणि मी बुटकी ठरवली.
घरी येऊन म्हणालो, "पांढरी पाडव्याला मिळत न्हाई." मुहूर्त कुणी सोडणार नाही, हे ठाऊक होतं.
सुनंदा म्हणाली, "मग तुमी म्हणाल ती, आबा."
नारळ मीच फोडला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
लोणावळ्याच्या वाटेवर वलवणच्या चढाला गाडी चालत्या माणसाबरोबर जाते म्हणे. मागून ट्रक हॉर्न मारतात. म्हणजे ज्याला भ्यालो तेच.
मुलगा सुरेश जेवताना म्हणाला, "आबा, गाडी आणली का बैल?"
"बैल बरा, हॉर्नला कान तरी हलवतो," सुनंदा. सगळे हसले. मी ताट घेऊन उठलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आठवड्यात तिसऱ्यांदा उशीर. मोठ्या सिस्टरबाई बोलल्या. सुनंदा आता साडेसहालाच निघते, चहा न घेता. मी विचारलं, गाडीचा त्रास होतो का? म्हणाली, "गाडीचं काय न्हाई आबा, माझंच आवरत न्हाई."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
हिला सगळं सांगितलं. बायको आहे, तिच्याजवळ तरी. पूर्वी माझ्या मोपेडवरून पडून हिचा पाय मोडला, अजून लंगडते. म्हटलं, तेच डोक्यात होतं.
तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमी चालवत व्हता म्हणून मी पडले. पोरीला येतंय चालवायला."
मग सूप बाजूला ठेवून, "मला कशाला सांगता? तिला सांगा."

६ नोव्हेंबर, गुरुवार
दुकानात फोन केला. बदलून देतो म्हणाला, पण पंधरा तारखेच्या आत. कागद सुनंदाच्या नावावर, तिनेच येऊन सही करायची. ती विचारणारच, तेव्हा पांढरी नव्हती ना? आणि दुकानदार सांगणारच.
संध्याकाळी ती बॅग भरून माहेरी तळेगावला गेली. आईचा गुडघा दुखतो, तीन दिवस रजा. जाताना सुरेशला म्हणाली, "सोमवारी राजीनामा देते. रोज मान खाली घालून उभं राहायला नको वाटतं."
सहा वर्षं केलेली नोकरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सुनंदाला फोन लावला. "जेवलीस का?" "व्हय आबा. तुमी गोळी घेतली का?" "घेतली." ठेवून दिला.
नव्हती घेतली. तेवढंही खरं बोललो नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
तोंडाने जमत नाही. चिठ्ठी लिहिली. चार कागद फाडले. सुरेश देहूरोडला कामावर जाताना तळेगावला उतरून देणार आहे. त्याने घडी उघडून वाचली. परत घडी करून खिशात घातली. मळवलीहून सातची लोकल गेली.
काय लिहिलं ते इथं उतरवून ठेवतो, पुन्हा मागे सरायला नको म्हणून.

"सुनंदा, पांढरी गाडी दुकानात उभी होती, पाडव्याला मिळत होती. मी खोटं बोललो. मला भीती वाटली आणि तुला विचारायच्या ऐवजी फसवलं. उशीर तुझ्यामुळे झाला नाही. तुझ्या सिस्टरबाईंना मी स्वतः येऊन सांगतो, तू म्हणशील तर. दुकानदार गाडी बदलून देतोय, तुझी सही लागते. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण राजीनामा द्यायच्या आधी सुरेशजवळ नाहीतर फोनवर एक शब्द कळव. लवकर कळव, पोरी. मी फोनजवळच बसलोय."